सासरेबुवांना जुंपायचं कसं?

एनोकच्या कुत्र्याचे नाव झकारियास ठेवण्यात आले आणि घरातले सगळे सुखी झाले.

हे वाक्य वाचकांनी कृपया विसरावे. तसे अजून काहीही झालेले नाही. आज मंगळवार आहे, खाडी या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेली आहे, कुत्रा बिननावाचा आहे आणि एनोक बर्फावर उभा राहून "ए!" म्हणून ओरडतो आहे.

"ए!" म्हटले की अकराच्या अकरा कुत्री वळून बघत. अडचण तीच होती. आमच्या वस्तीत प्रत्येक कुत्र्याला नाव देत नाहीत, नाव फक्त म्होरक्याला. स्लेजला, म्हणजे बर्फावरच्या बिनचाकी गाडीला, कुत्री जुंपतात तेव्हा म्होरक्याची दोरी सर्वांत लांब असते. तो सर्वांच्या पुढे पळतो आणि मालकाचे म्हणणे बाकीच्यांना पटवून देतो. एनोकच्या जुन्या म्होरक्याचे कंबरडे गेले होते. नवा दोन वर्षांचा होता आणि त्याचे नाक असे होते, की तीन तासांच्या वाटेवर, धुक्यात, तो एनोकने बर्फात पाडलेल्या मासेमारीच्या भोकापाशी नेमका जाऊन बसे. आता फक्त त्याला हाक मारता यायला हवी होती, तीही लवकर. त्या भोकाखाली एनोकची चारशे गळांची दोरी सोडलेली होती आणि शनिवारी संध्याकाळी डोंगरामागून उबदार वारा येणार, असे रेडिओ सांगत होता. तो वारा आला की बर्फ फुटतो, आणि बर्फाबरोबर दोरी, मासे आणि एनोकचा अख्खा हिवाळा समुद्रात जातो.

"'सरळ' ठेवतो," एनोक बायकोला म्हणाला. "सोपं नाव. हाक पण होते आणि हुकूम पण."

"ठेव की," बिबियाने म्हणाली. "पण आईला विचार. तो मघापासून तिच्याकडे बसलाय."

एनोक सासूच्या घरी गेला. कुत्रा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. समोर सासू सेवेरिने हात जोडून उभी होती आणि टेबलावर कॉफीचे दोन कप होते.

"आत आले, थेट खुर्चीत बसले, तीनदा शिंकले आणि कॉफीकडे बघत राहिले," सेवेरिने डोळे पुसत म्हणाली. "जावईबापू, हे आमचे हेच आहेत."

सेवेरिनेचा नवरा झकारियास शरद ऋतूत वारला. तेव्हापासून त्याचे नाव रिकामे हिंडत होते. माणूस गेला की त्याचे नाव पुढच्या जन्मणाऱ्या मुलाला द्यायचे, म्हणजे नावाबरोबर माणूसही घरी येतो, आणि मग त्या तान्ह्याला मुलगी बाबा म्हणते, बायको अहो म्हणते. यात कोणाला काही विशेष वाटत नाही. विशेष एवढेच, की वस्तीत त्रेसष्ट माणसे होती आणि शेवटचा जन्म झाला होता तो शाळेत जाणाऱ्या एका मुलीचा. ती अजूनही शाळेत जाते, पण आता शिक्षिका म्हणून.

"अहो सासूबाई, कुत्र्याला माणसाचं नाव?"

"कुत्र्याला कोण देतंय? मी नवऱ्याला घरी बोलावतेय. तो कशात बसून येतो, ते त्याचं तो बघेल."

एनोकला कुत्रा आणि माणूस यांच्यातल्या फरकाची काळजी नव्हती. नाव ज्याच्यात जाते त्याच्यात गुणही जातात, आणि झकारियासचा प्रमुख गुण सगळ्या खाडीला माहीत होता. हा सज्जन मनुष्य एकदा इस्टरसाठी शेजारच्या वस्तीला निघाला, तीन दिवस प्रवास केला, आणि मागच्या बाजूने आपल्याच वस्तीत शिरला. वस्ती त्याला आवडली. दारात उभ्या असलेल्या स्वतःच्या बायकोशी हस्तांदोलन करून त्याने, इथे कॉफी मिळेल का, असे विचारले होते.

"तुझ्या बापाला घराचं दार सापडत नव्हतं!" एनोक घरी येऊन बिबियानेवर ओरडला.

"दार सापडायचं त्यांना," बिबियाने शांतपणे म्हणाली. "घर सापडायचं नाही."

बुधवारी कॉफीला सगळी वस्ती जमली. चार केक झाले, सीलच्या मांसाचे सूप झाले. सेवेरिनेने कुत्र्याच्या कपाळाला पाणी लावले आणि कानात नाव सांगितले. कुत्र्याने तोंड उघडले, उजवीकडे बघितले, डावीकडे बघितले आणि तो कपाटाच्या दिशेने बाहेर जायला निघाला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सुरुवातीचे जे वाक्य विसरायला सांगितले होते, ते वाचकांनी इथे आठवायला हरकत नाही. घरातले सगळे सुखी झाले. हे सुख गुरुवारी सकाळी पावणेनऊपर्यंत टिकले.

पावणेनऊला एनोकने कुत्री जुंपली आणि चाबूक उचलला. बिबियाने म्हणाली, "बाबांवर?"

एनोकने चाबूक खाली ठेवला. खाडीचे तोंड आले तेव्हा तो घसा साफ करून म्हणाला, "सासरेबुवा, जरा उजवीकडे घेता का?"

कुत्र्याने विचार केला आणि डावीकडे घेतले.

"नाही म्हणजे, तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी. पण भोक उजवीकडे आहे."

मागची दहा कुत्री एनोककडे बघू लागली. मालक इतक्या मऊ आवाजात बोलतो हे त्यांना ठाऊक नव्हते. कालपर्यंत धुक्यात भोक शोधणारे ते नाक आता मोठ्या आत्मविश्वासाने दोन हिमनगांना वळसा घालून, एका हिमनगाला पुन्हा वळसा घालून, साडेचार तासांनी मागच्या बाजूने आपल्याच वस्तीत शिरले. पहिले घर पावियाचे होते. कुत्र्याने त्या घराकडे नवख्या पाहुण्यासारखे पाहिले आणि तिथे कॉफीला आलेल्या, दारात उभ्या असलेल्या सेवेरिनेला पंजा दिला.

"तेच आहेत!" सेवेरिने हुंदका देत म्हणाली. "कोणाला शंका होती का?"

"मला अजिबात नव्हती," एनोक म्हणाला.

पाविया वस्तीतला सर्वांत अनुभवी शिकारी. तो हसून हसून पायरीवर बसला. मग डोळे पुसून म्हणाला, "अरे, नाव काढता येत नाही, पण वाढवता येतं की! आजारी पोराला दुसरं नाव देतातच ना? माझ्या आईचं दे. रेगिनेचं."

ही सूचना खरोखर चांगली होती. पावियाची आई रेगिने तीस वर्षे स्लेजवरून टपाल नेत असे आणि धुक्यात डोळे मिटून झोपली तरी बरोबर पत्त्यावर जागी होई. तिचे नाव एका पणतीला दिले होते; पण ती कोपनहेगनला राहते आणि तिथे रस्ता शोधायचे काम बस करते. नावाला वाटेकरी चालतो. त्याच संध्याकाळी पुन्हा कॉफी झाली, दोन केक झाले, कुत्र्याच्या कानात दुसरे नाव गेले.

शुक्रवारी सकाळी वस्तीसमोरच्या बर्फावर चाचणी घेतली. एनोक ओरडला, "रेगिनेबाई, उजवीकडे!" कुत्रा उजवीकडे गेला. "रेगिनेबाई, डावीकडे!" कुत्रा डावीकडे गेला. मासळीच्या गोदामापाशी उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एनोकला गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

तेवढ्यात सेवेरिनेच्या घराचे दार आपटले. ती पायांत घरातल्या सपाता घालूनच बर्फावर धावत आली आणि स्लेजसमोर आडवी उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याला तुम्ही तिच्या नावानं हाका मारताय?"

"सासूबाई, दोघंही आहेत ना आत..."

"तेच म्हणतेय मी! दोघं. आत. एकाच कातड्यात!" ती कुत्र्याकडे वळली. "अहो, लाज नाही वाटत? लग्नाआधी हिच्याशी तुमचं जमणार होतं, मला काय माहीत नाही?"

कुत्र्याने खाली बघितले. यामुळे लोकांचा समज झाला तो झाला.

"काकू, माझी आई तसली नव्हती हं!" पाविया मध्ये पडला.

"टपाल द्यायला आमच्याकडे रोज यायची. आम्हाला वर्षातून दोन पत्रं येत होती!"

दुपारपर्यंत दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. कुत्र्याला बिबियानेने बाहेर बांधले, तर सेवेरिने म्हणाली की तिथे तो त्या बाईबरोबर एकटा आहे. आत घेतले, तर पाविया म्हणाला की माझ्या आईला कोंडून ठेवले. एनोक डोके धरून बसला. रेडिओने वाऱ्याची वेळ तीन तासांनी अलीकडे आणली होती.

"एकच उपाय आहे," बिबियाने म्हणाली. "तिसरं नाव. देखरेखीला कोणीतरी हवं. ज्याच्यासमोर दोघंही नीट वागतील असं."

"असं कोण आहे?"

"एलियास गुरुजी."

एलियास गुरुजींनी हयात असताना बेचाळीस वर्षे वस्तीत शाळा आणि प्रार्थना दोन्ही चालवली होती. त्यांच्यासमोर कोणी मोठ्याने शिंकलेही नव्हते. सेवेरिनेला हे नाव पटले, पावियालाही पटले. दोघांनी एकाच किटलीतून कॉफी घेतली. केक संपले होते म्हणून बिस्किटांवर भागवले.

शनिवारी सकाळी कुत्रा बाहेर आला तेव्हा सगळ्या वस्तीने टोप्या काढल्या. एनोक पट्टा घेऊन पुढे झाला.

"गुरुजींना जुंपणार?" पाविया हळूच म्हणाला.

"कालपर्यंत सासऱ्याला जुंपत होतो, तेव्हा कोणी बोललं नाही!"

"सासऱ्याचं वेगळं," सेवेरिने म्हणाली. "हे घरातलं माणूस. पण गुरुजी? गुरुजींच्या गळ्यात पट्टा? जावईबापू, त्यांनी तुम्हाला वाचायला शिकवलं."

एनोकने डोंगराकडे पाहिले. माथ्यावरचे ढग सपाट आणि लांबट होऊ लागले होते. हातात पाच तास होते, वाट जाऊन येऊन सहा तासांची होती आणि चारशे गळ तळाशी वाट बघत होते. गेली सात वर्षे त्याने एकेक करून ते बांधले होते. त्याने स्लेजवर रेनडियरचे कातडे पसरले, त्यावर कुत्र्याला बसवले, गुडघ्यांवर घोंगडी दिली. मग दहा कुत्री जुंपली. सर्वांत लांब दोरी रिकामी राहिली.

ती त्याने स्वतःच्या कमरेला बांधली आणि तो धावू लागला.

दहाही कुत्र्यांनी आधी एकमेकांकडे बघितले, मग त्याच्या पाठीकडे, आणि मग ती जीव तोडून त्याच्यामागे धावली. आजवर त्यांना मालकाचे म्हणणे कोणाकडून तरी ऐकावे लागत होते. आता ते थेट समजत होते, आणि शिवाय मालकाला गाठता येईल अशी आशाही होती. ही आशा एनोकलाही जाणवत होती, म्हणून तो इतका जोरात पळाला. खाडीच्या तोंडाशी तो चुकून डावीकडे वळला, तेव्हा मागून एक खणखणीत भुंकणे आले. ते रेगिनेचे असणार. तो उजवीकडे झाला. पुढे ठेच लागून त्याने शिवी हासडली, तेव्हा मागून एक दीर्घ, दुखावलेली गुरगुर आली. तो "चुकलो गुरुजी" म्हणाला आणि पळत राहिला. सासरेबुवा सगळा वेळ झोपलेले असावेत. नाहीतर ते सगळे त्या दिवशी पोचलेच नसते.

तीन तासांची वाट त्यांनी पावणेदोन तासांत कापली. दोरीला एकशे सत्तर हॅलिबट मासे होते. एनोकने शेवटचा गळ वर ओढला तेव्हा उबदार वारा मानेला लागला. त्यांनी वस्तीचा किनारा गाठला आणि अर्ध्या तासात मागचा बर्फ मोठा आवाज करून खाडीतून बाहेर पडला.

किनाऱ्यावर सगळे जमले होते. सेवेरिने धावत स्लेजपाशी गेली. "दमलात का हो? दोघांनी त्रास नाही ना दिला गुरुजींना?" बिबियानेने एनोकचे तळपाय तपासले, बोटांमधला बर्फ काढला आणि सुक्या मासळीचा तुकडा त्याच्याकडे फेकला. त्याने तो हवेतच तोंडात धरला. हे करून झाल्यावर त्याच्या लक्षात आले, पण तुकडा चांगला होता.

"काय पळतो रे!" पाविया त्याच्याभोवती फिरून बघत म्हणाला. "असा म्होरक्या खाडीत नाही. विकशील का?"

"मला विचार," बिबियाने म्हणाली.

रात्रभर जागून नव्हे, तर चांगले जेवून, झोपून, सोमवारी सकाळी एनोकने इस्टरच्या स्लेज शर्यतीच्या समितीला अर्ज लिहिला. वस्तीतल्या त्रेसष्ट जणांनी त्यावर सह्या केल्या, आणि खाली एक पंजाही आहे. तो तिघांच्या वतीने धरावा.

"मा. समितीस सविनय सादर, की आमच्या पथकाचे चालक म्हणून श्री. झकारियास, श्रीमती रेगिने व एलियास गुरुजी यांची एकत्रित नोंद घेण्यात यावी. म्होरक्या या जागेवर अर्जदार स्वतः धावणार असून तो निरोगी, माणसाळलेला आणि आजवर कोणालाही न चावलेला आहे. तरी म्होरक्यासाठी असलेली चार पायांची अट विशेष बाब म्हणून या एका वर्षापुरती शिथिल करण्यात यावी, ही नम्र विनंती."