पोलिसाची पडताळणी

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत एकवेळ चोर शिरेल, पोलीस शिरणार नाही. गेटवर गजभियेकाका आहेत.

काका मूळचे भंडाऱ्याचे. कुरिअरवाला, गॅसवाला, कुणाचा जावई, सगळे त्यांच्या एका नजरेत आत जातात. मीही जातो. पण ते काही माझं कौतुक नव्हे; माझ्याकडे बघून कुणालाच कसलाही संशय येत नाही, असं बायको म्हणते. खाकी दिसली की मात्र काका टोपी सरळ करून विचारतात, "पोलीस कशावरून?"

ओळखपत्र दाखवलं तर फोटोत मिशी आहे आणि तोंडावर नाही, हे ते लक्षात आणून देतात. गणवेश काय, भाड्यानेही मिळतो, म्हणतात. एकदा एक हवालदार चिडून म्हणाला, की तुमच्याकडे चोरी होऊ दे, मग बघतो. काकांनी ते वाक्य नोंदवहीत उतरवलं आणि खाली त्याची सही मागितली.

परवा आमच्या लेकीच्या, मुक्ताच्या पासपोर्टसाठी पोलीस यायचे होते. जर्मनीत प्रवेश मिळालेला, वर्ग सुरू व्हायला आलेले, आणि पासपोर्टचाच पत्ता नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून तासभर सोफ्यावर ताठ बसलो. शेवटी मी आणि मुक्ता खाली गेलो, तर काका पोलिसाला शांतपणे सांगत होते, की त्या ताई आता इथे राहत नाहीत. पोलिसाने शेरा लिहायला पेन काढलेलं. मुक्ता माझ्या मागेच उभी.

कशीबशी माफी मागून मी पोलिसाला मुक्ताबरोबर वर पाठवलं. मग काकांवर भडकलो. तिचं वर्ष गेलं असतं, म्हणालो.

काकांनी नोंदवही मिटली.

"साहेब, पोलीस हा कागद घेऊन येते, अन् सहा महिन्यांत घरातलं लेकरू जाते. जोशीकाकूंच्या गोळ्या आता मीच आनतो. देशपांड्यांकडचा बल्ब मीच बदलतो. तुमच्याकडचाही बदलीन, त्याचं काही नाही." मग त्यांनी विचारलं, "ताई परत येनार का?"

दोन महिने मी मुक्ताला स्वेटर विचारले, विमा विचारला, तिथे भेंडी मिळते का तेही विचारलं.

"विचारलं नाही," मी म्हणालो.

काकांनी त्यांची खुर्ची माझ्याकडे सरकवली. वर पोलिसाला चहा मिळत असणार. मी बसलो.