वाळूच्या चार बादल्या

पेट्रोल हा पदार्थ पेटतो, याबाबत समाजात आता मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो आत्ता पेटेल की आपली गाडी भरून झाल्यावर, एवढाच.

घोडेगावच्या अलीकडे रस्त्याला लागून गेणभाऊंचा पंप आहे. तिथं सुरक्षिततेची कडेकोट व्यवस्था आहे. एकूण अकरा सूचना फलक आहेत. (पैकी सात स्वच्छतागृहाची किल्ली कुठं मिळेल याविषयी आहेत. ती मिळत नाही.) धूम्रपानास मनाई करणारी पाटी इतकी मोठी आहे की उन्हाळ्यात लोक तिच्या सावलीत उभे राहून विडी ओढतात. शिवाय लाल रंगाच्या चार बादल्या टांगलेल्या आहेत. नियमाप्रमाणे त्यांत कोरडी वाळू हवी. पहिलीत वाळू आहे. दुसरीत तुळस आहे. तिसरीत पान खाणाऱ्या ग्राहकांचं योगदान आहे. चौथी रिकामी आहे, पण तिचा रंग सगळ्यांत चांगला टिकलाय.

गेणभाऊंच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. पंप आला, मेंढरं गेली, पण नजर राहिली. टँकर रिकामा करण्याआधी जमिनीखालच्या टाकीत खुणांची काठी सोडून आतलं पेट्रोल मोजायचं असतं. गेणभाऊंना हा टाकीचा अपमान वाटे.

"आमच्या बापानं दोनशे मेंढरं नजरेवर सांभाळली," ते म्हणत. "एक बी कधी मोजलं न्हाई. टाकी तर जागची हालत बी न्हाई."

पंपावरची सुपरवायझर प्रतिभा मात्र काठी घालून मोजायची. तिनं एक दिवसाचं सुरक्षा प्रशिक्षण घेतलं होतं. प्रमाणपत्र मिळाल्यावर शिकलेलं विसरायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. टँकर आला की ती दोरी बांधून पेट्रोलची विक्री थांबवायची, चाकांना ओंडके लावायची, अर्थिंगची तार जोडायची आणि टँकरच्या ड्रायव्हरला झडपेपाशी उभं करायची. यात अर्धा तास जाई. रांगेतल्या आम्हा नागरिकांना त्यावेळी देशाच्या प्रगतीची फार काळजी वाटे.

त्या मंगळवारी प्रतिभा मुलीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेली होती. अकराच्या सुमारास टँकर आला. गेणभाऊंनी टाकीच्या झाकणाकडे एकवार पाहिलं आणि दहा हजार लिटर मावेल असा निर्णय दिला. विक्री चालूच ठेवली. झडप उघडून ड्रायव्हर शेजारच्या लंकाबाईच्या टपरीवर चहाला गेला. आम्ही सगळे खूष झालो. पंप कसा चालवावा, हे त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाला तरी समजलं होतं.

टाकीत जागा नऊ हजारांची होती.

पेट्रोल वर आलं तेव्हा कसलाही आवाज झाला नाही. टाकीच्या तोंडाशी चकाकी दिसली, मग ती उतारानं गटाराकडे निघाली. गटार लंकाबाईच्या टपरीला वळसा घालून जातं, आणि टपरीवर शेगडी पेटलेली होती. मी रांगेत तिसरा होतो. वास आला. पुढच्यालाही आला असावा, कारण त्यानं नाकाला रुमाल लावला. जागेवरून मात्र कोणी हललं नाही. जो हलला असता त्याचा नंबर गेला असता. रांगेतल्या तेवीस जणांपैकी चौदा जणांनी फोन काढले. फोन वापरू नये ही पाटी चित्रीकरणात नीट आली आहे.

तेवढ्यात प्रतिभा एसटीतून उतरली. तिनं वास घेतला आणि हातातली पिशवी टाकून धावली. टँकर जवळ होता, तरी ती आधी टपरीकडे गेली.

"काकी, शेगडी बंद करा."

लंकाबाईचं लक्ष पातेल्यात होतं. "दूध वर यायला लागलंय. दोन मिनटं थांब. उतू गेलं म्हंजे?"

प्रतिभानं स्वतःच सिलिंडर बंद केला आणि ड्रायव्हरच्या हातातला कप काढून घेतला. मग परत येऊन टँकरची झडप फिरवली, पंपाची वीज तोडली. वीज गेल्यावर रांगेत नाराजी पसरली. एकानं आपली गाडी तरी सुरू होते का, हे पाहायला बटणाकडे बोट नेलं. तिनं किल्ली उपटून घेतली आणि म्हणाली, "भाऊ, ढकलत न्या. सगळ्यांनी ढकलत न्या." आम्ही गाड्या ढकलल्या, पण ओळीनं, नंबर न सोडता.

पहिल्या बादलीतली वाळू तिनं गटाराच्या तोंडाशी ओतली. ती पुरेना. मग तुळशीची माती, मग तिसरी बादली, तिच्यात जे होतं त्यासकट. तरी धार पुढं सरकत होती, तेव्हा गेणभाऊ शेजारच्या बांधकामावरून घमेलं भरभरून वाळू आणू लागले. ते रडत होते. बांध टपरीपासून चार हात अलीकडे टिकला. प्रतिभा तिथंच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी वार्षिक तपासणी होती. साहेबांनी अकरा फलक मोजले, समाधान व्यक्त केलं आणि बादल्यांकडे वळले. चारही रिकाम्या. (मागच्या तपासणीत चारही भरलेल्या होत्या. त्यांत काय होतं, याचा रकाना नमुन्यात नाही.) प्रतिभानं वाळू कुठं गेली ते सांगितलं. साहेब गंभीर झाले. सांडलं असेल तर चौकशी होईल, चौकशी झाली तर पंप बंद राहील, असं त्यांनी गेणभाऊंना प्रेमानं समजावलं. गेणभाऊ प्रतिभाकडे न बघता म्हणाले की काही सांडलं नाही.

अशा रीतीनं पेट्रोल सांडलं नाही, वाळू मात्र गेली. वाळूचा ताबा सुपरवायझरकडे असल्यानं नोटीस प्रतिभाला आली. खुलासा सात दिवसांत, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह.

बादल्या साफ करताना सांडली असं लिहून दे, मिटवून टाकू, असं गेणभाऊंनी तिला दोनदा विनवलं. तिनं घडलं तसं लिहिलं. "भाऊ, उद्या परत सांडलं तर मी काय साफसफाई म्हनू?" एवढंच ती बोलली. लंकाबाईनं पहिली सही केली, आणि दूध नासल्याची नोंदही करायला लावली.

दुसरी सही अजून मिळालेली नाही. चौदा जणांकडे चित्रफीत आहे. माझी सर्वांत स्पष्ट आहे, पण मला कचेरीच्या भानगडीत पडायचं नाही. मी ती फक्त पुढे पाठवली, 'काळजी घ्या' असं लिहून. आजवर अकरा हजार जणांनी पाहिली.

तुम्हीही पाहिलीत. हात जोडल्याचं चित्र टाकलंत, आणि ती बाई लई कटकट करती म्हणून तेव्हापासून पुढच्या पंपावर जाता. तिथं रांग लहान असते, आणि इंजिन बंद करा असं कोणी म्हणत नाही.