कोठाराच्या मिती चुकल्या त्याची हकीकत

श्री गजाननाचे चरणी मस्तक, शारदेचे चरणी लेखणी, आणि विजेचे चरणी इतकीच विनंती की हकीकत पुरी होईतो जाऊ नये. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन मासी, एका राज्यात थोर अस्वस्थता उत्पन्न जाहली, ते कैसे, ते ऐकावे.

राज्य तीन खोल्यांचे. तेथे श्रीमंत हेरंबराव नांदत होते. स्वभाव उतावळा, एके जागी बूड टेकणे ठाऊक नाही, चहाही येरझारा घालीत प्राशन करणार. त्यांच्या पत्नी शाल्मलीबाई विदुषी, कातळसड्यावरील रानफुलांवर प्रबंध लिहीत होत्या, आणि तो सोमवारी विद्यापीठी दाखल करणे होते, न जाहल्यास मुदत सरोन सारी मेहनत पाण्यात. प्रबंध बाईसाहेबांचे लॅपटॉपात राही. लॅपटॉप जर्जर, केव्हा मान टाकील नेम नाही, म्हणोन श्रीमंतांनी घरचा सर्व्हर उभारिला आणि त्यास कोठार ऐसे नाव दिधले. इंटरनेटाची वाट ठेविली तर शत्रू शिरेल, ऐसा विचार करून ती वाट बंद केली, आणि त्या वाटेने येणारी मिती व वेळ कोठारास स्वमुखे सांगितली. मग हुकूम केला की दोहींकडील फायलींच्या वेळा पाहाव्या, नवी असेल ती राखावी, जुनी असेल तीवर नवी चढवावी. हुकूम उत्तम होता. परंतु श्रीमंतांस धीर कोठला? बाईसाहेब पाणी पिण्यास उठल्या की श्रीमंत त्या हुकुमाचे बटण दाबीत, आणि खिडकी लावण्यास उठल्या की पुन्हा दाबीत.

मग शुक्रवारी बाईसाहेबांनी फाइल उघडिली तो उपसंहाराची अखेरची दोन पाने गायब. बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, मी लिहिली होती. आता नाहीत."

"सेव्ह केलं नसेल तुम्ही."

"केलं होतं."

"ताणात माणूस विसरतो. पुन्हा लिहा, त्यात काय!"

बाईसाहेबांनी पुन्हा लिहिली आणि ती पुन्हा गेली. मग श्रीमंतांनी केबल बदलिली, आणि डिस्क बदलिली, आणि दुकानदारास फोनवर अद्वातद्वा बोलिले, आणि तऱ्ही शनिवारी एक परिच्छेद राहिला व तीन नाहीसे जाहले. कधी राही, कधी जाई, काही ठिकाण लागेना. श्रीमंत या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून गच्चीवर, ऐसे फिरो लागले, आणि अखेरीस आपल्या मातोश्रींचे देखत म्हणाले, "हिचं लक्षच नसतं. आणि खापर माझ्या कोठारावर!" तेव्हा बाईसाहेबांचे डोळे भरोन आले. श्रीमंतांनी ते पाहिले आणि पाहिले नाहीसे केले. आम्ही त्यांचे अन्न खातो, तरी लिहितो की हे फार वाईट जाहले.

बाईसाहेबांनी डोळे पुसिले आणि रविवारी दोहींकडील फायलींच्या याद्या शेजारी शेजारी उघडोन स्वतः पाहू लागल्या. आणि पाहता पाहता त्यांचे बोट थांबले.

"जरा इकडे या. कोठारातली ही फाइल किती वाजताची?"

"बारा चाळीस."

"आणि आत्ता किती वाजलेत?"

श्रीमंतांनी भिंतीकडे पाहिले. "बारा त्रेचाळीस. बरोबर आहे की!"

"भिंतीवर नका बघू. लॅपटॉपवर बघा."

लॅपटॉपात बारा तेहेतीस होते. बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे ही फाइल अजून व्हायचीय."

मातोश्री भाजी निवडीत होत्या, त्या म्हणाल्या, "हेरंबा, ते घड्याळ आपलं दहा मिनिटं पुढे असतं ना! तुझ्या बाबांपासून. गाडी चुकू नये म्हणून."

श्रीमंत मटकन बसले. या घरात जो तो भिंतीवरली वेळ पाही आणि मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करी, ऐसी रीत होती. कोठारास वेळ सांगताना श्रीमंतांनी तेच घड्याळ पाहिले, आणि वजा करणे विसरले. कोठार आपल्याकडील प्रतीवर आपली वेळ घाली, म्हणोन प्रत जन्मताच दहा मिनिटे पुढची होई, आणि त्या दहा मिनिटांत बाईसाहेबांनी जे नवे लिहावे ते कोठारास जुने वाटे, आणि श्रीमंतांनी बटण दाबिताच जुनी प्रत नव्यावर चढे. मग श्रीमंतांनी कोठाराची वेळ दुरुस्त केली, आणि तीन वेळा तपासोन पाहिले, तो दोहींकडे मेळ बसला.

श्रीमंत हर्षून म्हणाले, "सुटलं! बघा, आता काही जायचं नाही."

बाईसाहेब म्हणाल्या, "पानं मी परत लिहीन. पण मी सेव्ह केलं म्हणून सांगत होते, तेव्हा तुम्हाला माझ्यापेक्षा त्या डब्याचं खरं वाटलं."

श्रीमंत मग "चुकलो" म्हणाले, ते इतके हळू की आम्ही जवळ होतो म्हणोन ऐकिले.

सारांश. पाने लिहिली, प्रबंध सोमवारी दाखल जाहला, कोठार आजमितीस अचूक चालते. भिंतीवरील घड्याळ मातोश्रींच्या इच्छेने तैसेच आहे. बाईसाहेब आता आपल्या लिखाणाची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन बहिणीकडे ठेवितात. श्रीमंतांस हे ठाऊक आहे, आणि का म्हणोन विचारण्याची छाती नाही.