तांबेकाकांची दोन सेंटिमीटरची माणसं

तांबेकाका नव्या माणसाला नाव-गाव विचारत नाहीत. डोक्यापासून चपलांपर्यंत बघतात आणि त्याची उंची सांगतात. लग्नानंतर माझी बायको पाया पडायला गेली, तर आशीर्वादाऐवजी म्हणाले, "अठरा मिलिमीटर. छान!" बिचारी तीन दिवस हिरमुसली होती. काकांच्या घरात छोटी आगगाडी आहे, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशी पट लहान, आणि सगळ्या जगाला ते त्याच आकड्याने भागतात, हे मी तिला मागाहून समजावलं. जे पटत नाही त्यावर त्यांचा शेरा ठरलेला: "स्केलमध्ये नाय बसत!" त्यात वरातीतला डीजे आला, आमदारांचं होर्डिंग आलं, धाकटा जावईसुद्धा आला.

लालबागच्या चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत ही रेल्वे छताला टांगलेली असे. रविवारी कप्पीवरून फळी खाली आली की घरच्यांनी पलंगावर पाय घेऊन बसायचं. तेव्हा सामान मिळायचं फोर्टातल्या एकाच दुकानात. तिथला म्हातारा पारशी मालक आधी गिऱ्हाइकाची मुलाखत घ्यायचा, पसंत पडलं तरच रूळ विकायचा. इंजिन हवं तर कुणाचा तरी भाऊ बोटीवर नोकरीला असावा लागे. प्लॅटफॉर्मवरची माणसं यायची थेट जर्मनीहून, ओव्हरकोट घालून. काका बारीक ब्रशने रंगवून त्यांना सदरे-लेंगे चढवायचे. बर्फावर घसरणाऱ्या एका साहेबाला तर त्यांनी काठ्यांसकट लेझीम पथकात घातलं होतं.

आता दुकान मोबाइलमध्येच आलं. झाडं पाकिटात, गवत डबीत. इंजिनात चिप असते, बटण दाबलं की शिट्टी.

"पूर्वी शिट्टी मी तोंडाने द्यायचो," काका कुरकुरतात. "आता मला काम काय?"

कुरकुरत कुरकुरतच नवं पार्सल फोडतात.

चाळ पडली, टॉवर झाला, आम्ही सगळे वर राहायला गेलो. काकांच्या रेल्वेला अख्खी खोली मिळाली. त्यांच्या बायकोची, मालतीकाकूंची, मात्र गॅलरी गेली. तांदूळ निवडता निवडता सगळ्या मजल्याची खबर ठेवणारी ही बाई बंद दारामागे हळूहळू बोलेनाशी झाली. जेवणही दोन घासांवर आलं. आणि काका आपले रुळांत डोकं घालून बसलेले! मला खरंच राग यायचा त्यांचा.

तशात काकांनी फोटो काढायची मोहीम काढली. जुन्या शेजाऱ्यांची बेल वाजवायची, त्यांना भिंतीला उभं करायचं, समोरून एक फोटो, बाजूने एक. आम्ही चाळीतून टॉवरमध्ये आलेली माणसं. फोटो मागितला की आपोआप कागद पुढे करतो. पवारांनी आधारची झेरॉक्स दिली. कदमवहिनींनी रेशनकार्ड आणलं, वर सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला.

"पार्किंग मिळतंय का हो काका?"

"कसलं पार्किंग! सूप घेऊन खाली बसा बघू! तांदूळ निवडणारी बाई कुठल्याच साइटवर मिळत नाय!"

वहिनी बसल्या. पार्किंगसाठी माणूस काय करणार नाही!

पुढे गणपतीत मी मोदक द्यायला गेलो, तेव्हा उलगडा झाला. रुळांच्या पलीकडे आमची चाळ उभी होती. लाकडी कठडे, वाळत घातलेले कपडे, आणि गॅलरीत आम्ही सगळे. परळची एक मुलगी फोटोवरून मशीनवर प्लॅस्टिकची छोटी माणसं छापून देते, तिच्याकडून काकांनी आम्हाला करून घेतलं होतं. काकू स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर ताट, ताटात तांदूळ, नजर चाळीवर.

"आज शेवंता भायर दिसूक नाय?" त्यांनी विचारलं.

शेवंताबाई त्यांची जिवाची मैत्रीण. चाळ सुटली तशी ती कायमची गावी गेली.

काकांनी धावती गाडी थांबवली. चिमट्याने छोट्या चाळीतल्या एका खोलीतून हिरव्या साडीतली बाई उचलली आणि हलकेच गॅलरीत आणून बसवली.

"इली बघ. पाणी भरी होती."

"इतको उशीर?" काकू म्हणाल्या आणि तिला काल काय काय झालं ते सांगू लागल्या. माझा राग कुठल्या कुठे गेला.

काका माझ्या कानाशी वाकले. "आज दोन भाकऱ्या खाल्ल्या तिने," म्हणाले.