अप्पांची सहलपूर्व पाहणी

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पायांत काळे बूट आणि वजन ब्याऐंशी किलो, असा गृहस्थ सकाळच्या वेळी बागेतल्या घसरगुंडीवरून खाली येताना तुम्हाला नांदेडात कधी दिसला, तर ते आमचे शेजारी बसवंतअप्पा. रखवालदाराने शिट्टी मारली तरी अप्पा दचकत नाहीत. उठतात, पॅन्ट झटकतात आणि उलट त्यालाच झापतात, "शिट्ट्या काय मारून राहिला? खाली वाळू टाक की. लेकराचं माकडहाड हाय ते, सरकारी न्हाई!"

अप्पा मूळचे उदगीरचे. सगळी नोकरी बांधकाम खात्यात, पुलांची पाहणी करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर पूल सुटले, पाहणी सुटली नाही. आता ती सहलीच्या ठिकाणांवर चालते. सुटीत मुलांना कुठे न्यावं, असं त्यांना सहज विचारायची सोय नाही. चहा गार होईपर्यंत सुटका नसते.

"खरोशाची लेणी? बेशक जावा. पण सकाळी. दुपारी कातळ असा तापतो की लेकराचे पाय भाजतेत. हत्तीबेटावर पाण्याच्या दोन बाटल्या जादा घ्या. कंधारला किल्ल्याच्या खंदकापाशी पोराचा हात सोडला तर मला तोंड दाखवू नका." आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "आधी खात्री, मग यात्रा."

प्रत्येक झोपाळ्यावर ते स्वतः बसून बघतात. काकूंनी एकदा बजावलं होतं, "झोपाळा मोडला तर तिकडंच ऱ्हावा, घरी येऊ नका."

हा सगळा खटाटोप एका मुलीसाठी. अप्पांची नात गिरिजा ऑस्ट्रेलियात असते. पाच वर्षांची असताना एकदा आली होती, ती आठ दिवस तापानेच झोपून होती. काही बघायचं झालं नाही. तेव्हापासून दरसाल अप्पा गल्लीभर सांगतात, "गिरिजा येऊन राहिली." मग मुलाचा फोन येतो. कधी रजा नाही, कधी परीक्षा, कधी तिकिटं महाग. अप्पा म्हणतात, "हरकत न्हाई. पाहणी पक्की करायला मोहलत मिळाली."

एकदा मी त्यांची फिरकी घेतली. म्हटलं, "अप्पा, पोरगी बारा वर्षांची झाली. आता घसरगुंडीवर बसणार आहे का ती?"

अप्पा म्हणाले, "दूरदेशातली लेकरं हळू मोठी होतेत, सर."

मी शाळेत गणित शिकवतो, पण हा हिशेब माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

यंदा मात्र दिवाळीला ती नक्की येणार होती. तिकिटं काढून झाली होती. पाहायचं राहिलं होतं एक सहस्रकुंड. तिथला धबधबा म्हणजे अप्पांच्या यादीचा कळस. दसऱ्यानंतरच्या रविवारी माझ्या गाडीतून आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत फोन वाजला. खुद्द गिरिजाच होती.

"आजोबा, सॉरी. बाबांची रजा कॅन्सल झाली."

"त्यात काय बेटा," अप्पा म्हणाले. "अभ्यास कर. धबधबा कुठं पळून चालला?"

फोन ठेवून त्यांनी काच खाली केली. मी विचारलं, "मागे फिरायचं का?"

"कशाला? पुढच्या साली येईलच की."

नदीला पाणी भरपूर होतं. अप्पांनी पायऱ्या मोजल्या, कठडा हलवून पाहिला, चहावालीला प्यायच्या पाण्याची सोय विचारली. मी मात्र जागेवरच खिळलो. काळ्या कातळावरून अख्खी पैनगंगा कोसळत होती. वाटलं, आपण इतकी वर्षं नांदेडात राहून हे बघायला का आलो नाही?

अप्पांना दाखवावं म्हणून वळलो, तर ते कठड्याला टेकून, धबधब्याकडे पाठ करून उभे. तुषारांनी शर्ट पाठीला चिकटला होता, तरी मान वळत नव्हती.

"अप्पा, इकडं बघा की!"

"न्हाई."

"अहो, इतक्या लांब आलो..."

"तिच्यासंगं बघायचं हाय, सर. खरोशाला मूर्त्यांकडं असाच पाठ करून उभा ऱ्हायलो. देवाला दाखवायच्या आधी नैवेद्य कुणी चाखतं का?"

मला हसू आलं नाही. त्यांचे खांदे धरून त्यांना वळवावं असं फार वाटलं. हात उचललाही होता, पण धीर झाला नाही. आम्ही दोघे तसेच उभे राहिलो. मी पाण्याकडे तोंड करून, ते उभ्या केलेल्या गाड्यांकडे.

थोड्या वेळाने अप्पा हळूच म्हणाले, "सर, लई मोठा हाय का हो?"

"लई मोठा हाय, अप्पा."

"हाव?" त्यांनी डोळे पुसले. "मग आवडंल तिला."