राजे चहाला थांबले

एका जंगलात, म्हणजे कुठल्या ते विचारू नका, तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या आत असलं तर असेलही, एक सिंह होता. तो राजा होता हे सांगायला नकोच. पण हल्ली त्याला राजा म्हटलेलं आवडत नसे. मला ॲडमिन म्हणा, असं त्यानं फर्मान काढलं होतं. प्राणी फर्मानाला माना डोलवायचे आणि राजेच म्हणायचे.

या सिंहाला कुठेही शिरायची मुभा होती. कुणाची गुहा असो, कुणाची ढोली असो, दार वाजवायचीही गरज नाही. शिवाय साऱ्या जंगलाला एकच झरा होता आणि त्याच्या तोंडावर ही एवढी शिळा होती. रोज सकाळी ती बाजूला सारायचं काम सिंहाचं. दुसऱ्या कुणाला ती हलत नसे, आणि हलली असती तरी हात लावायची परवानगी नव्हती. हे लक्षात ठेवा. मागे बसून चुळबुळ करणाऱ्यांनी जरा जास्तच लक्षात ठेवा.

एकच जागा अशी होती, जिथे सिंहाला प्रवेश नव्हता. भागू साळिंदरिणीचं बीळ.

भागूनं ते स्वतःच्या नखांनी खणलं होतं आणि जंगलाच्या वाटेला जोडून घेतलं होतं. असं कुणीही करावं, कायद्याची ना नव्हती. पण ज्यानं खणलं त्यानंच आत जायचं. बाकी कुणी नाही, राजानंही नाही. हा कायदा कासवाचा. कासव जंगलाच्या पार गाभ्यात राहायचं. कुठली वाट कुठे जाते आणि त्या वाटेनं कुणी कुठवर जायचं, सगळं तेच ठरवायचं.

सिंहाचा तपासनीस होता एक मुंगूस. तो रोज संध्याकाळी येऊन सांगायचा, "सगळं तपासलं, साहेब. भागूबाईंचं बीळ सोडून."

"ते का सोडलंस?"

"परवानगी नाही म्हणे."

"तुला?"

"मला तर नाहीच, साहेब. तुम्हालाही नाही."

हे ऐकून एखाद्या सिंहाला झोप लागेल का? तडक उठला आणि कासवाकडे गेला.

"काय हो कासवकाका, मी ॲडमिन आहे ना?"

"आहात की."

"मग ती एवढीशी साळू, तिला माझ्यापासून कसलं संरक्षण देताय?"

"तिला कुठे? तुम्हाला देतोय."

सिंह असा हसला, की झाडावरची वटवाघळं जागी झाली. "मला? साळूपासून?"

"महाराज, आपल्या गुहांमध्ये भिंत म्हणजे भिंत असते. दुसऱ्यानं खणलेल्या बिळात आत काय आहे ते खणणाराच सांगणार. तो सांगेल तेव्हा कळणार. तोवर तुम्ही बसून राहणार. आणि झऱ्याची शिळा तुमच्या हातात आहे."

"पुरे! उद्यापासून राजाला सगळीकडे मुभा. मी सांगतोय म्हणून."

"बरं," कासव म्हणालं. "निदान आधी शिळा उघडा, मग जा."

पण उत्साही माणसाला 'आधी' आणि 'मग' कळतं का? सिंहालाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो थेट भागूच्या दारात. म्हणाला, आधी तपासणी, मग झरा.

सिंह बिळात मावला कसा, हा कोण विचारतोय? मावला. गोष्टीत मावतो. मध्ये बोलायचं नाही.

"अगं बाई! राजे!" भागूला काय करू नि काय नको असं झालं. काटे चोपून बसवले, पाचोळ्याचं आसन झटकलं. "बसा हं. आलेच चहा टाकून."

"चहा नको. मागची खोली दाखव."

"दाखवते की. पण चहा झाल्यावर. पहिल्यांदा येताय घरी."

त्या जंगलात एक रीत होती. पाहुण्यानं "येतो मी" म्हणायचं, घरच्यांनी "या" म्हणायचं, मगच उठायचं. आणि चहा ठेवलाय म्हटल्यावर न घेता उठणं? शी शी! असं वाघसुद्धा करत नसत. तेव्हा सिंह बसला.

भागूनं कळशी उचलली. ती रिकामी होती. मग भागू बिळाच्या मागच्या तोंडानं बाहेर पडली आणि झऱ्यावर जाऊन रांगेत उभी राहिली.

रांग ही लांब! ऊन चढत होतं. भागूच्या पुढे तानू चितळीण उभी होती. तिचं पाडस नुकतंच जन्मलेलं. ते आधी ओरडत होतं, आता नुसतं पडून होतं आणि त्याची जीभ बाहेर आली होती. तानूच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

"भागूबाई, राजे कुठे गेलेत गं आज?"

"आमच्याकडे आलेत. चहाला थांबलेत."

"मग तू इथे काय करतेस?"

"पाण्याला आले. चहाला पाणी नको?"

"आणि शिळा कोण उघडणार?"

"राजे."

"राजे कुठे आहेत?"

"आमच्याकडे. चहाला थांब..."

सगळी रांग बिळाकडे धावली. "राजे, बाहेर या! पाणी नाही!"

आतून आवाज आला, "अरे, चहा ठेवलाय म्हणाली. असं कसं उठू? बरं दिसतं का ते?"

"उठायचा हुकूम द्या त्यांना!" तानू मुंगसावर ओरडली.

"साहेबांना हुकूम? तो फक्त साहेबच देऊ शकतात," मुंगूस म्हणाला. "आणि ते आत आहेत."

"मग तू 'या' म्हण, भागू! पाया पडते तुझ्या!"

भागूच्या डोळ्यांत पाणी आलं. "राजे पहिल्यांदा माझ्या घरी आलेत, तानू. त्यांना कोरड्या तोंडानं 'या' म्हणू? नाही गं जमायचं मला."

एवढ्यात कासव येऊन पोचलं. ते आदल्या रात्रीच निघालं होतं, काय होणार हे ठाऊक होतं म्हणून. धापा टाकत म्हणालं, "घर असेल तर पाहुणा. घरच नसेल तर कुठला पाहुणा?"

भागूनं पाडसाकडे पाहिलं. मग घराकडे पाहिलं. सबंध उन्हाळा खणलेलं घर. तिनं कळशी खाली ठेवली, बिळावर चढली आणि ज्या नखांनी खणलं होतं त्याच नखांनी छप्पर पाडलं. "या" मात्र म्हणाली नाही.

मातीतून सिंह वर आला. आयाळीत ढेकळं, नाकात पाचोळा. तो झऱ्याकडे धावला आणि त्यानं शिळा सारली. पाडसानं पाण्यात तोंड घातलं, आणि तानू हमसून हमसून रडली.

संध्याकाळी नवं फर्मान निघालं. दुसऱ्यानं खणलेल्या बिळात राजा जाणार नाही. प्रजेच्या खाजगी आयुष्याचा आदर म्हणून! मुंगसानं ते वाचून दाखवलं आणि टाळ्या पिटल्या. जुना कायदाही हाच होता, हे कासवानं कुणाला सांगितलं नाही. त्याला घरी पोचायला उशीर होत होता.

भागूनं नवं बीळ खणलं. 'राजांना प्रवेश नाही' अशी पाटी दारावर टांगली. उद्घाटनाला सिंह स्वतः आला आणि पाटी पक्की बसली आहे ना, हे त्यानं ओढून पाहिलं. बाहेरूनच.

"आलात तसे चहा तरी घेऊन जा," भागू म्हणाली.

सिंह पळत सुटला.

तात्पर्य : राजाला आपल्या घरात येऊ देऊ नये, ते त्याच्याच काळजीपोटी. तरीही तो ऐकेना, तर त्याला अडवू नये. बसा म्हणावं, आणि चहा टाकायला जावं.