सहा कोअर की आठ

कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी तिची पूर्ण माहिती घ्यावी, याबाबत सर्व शहाण्या माणसांचे एकमत आहे. माहिती पूर्ण झाल्यावर वस्तू घ्यावी की नाही, यावर मात्र शहाण्यांत मतभेद आहेत.

दिवेआगरच्या एका महिला बचत गटाच्या अध्यक्ष वेणूबाई सुरुवातीला तितक्या शहाण्या नव्हत्या. त्यांच्याकडे उतरलेल्या एका पाहुणीने भर दुपारी त्यांना लॅपटॉपवर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायला दिला. वेणूबाईंनी पहिल्याच फेरीत तीन गाड्या समुद्रात ढकलल्या. (पैकी एक स्वतःची.) भात करपला. लग्न झाल्यापासून त्या इतक्या मोठ्याने हसल्या नव्हत्या.

पुढे अलिबागला महिला गटांसाठी याच खेळाची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा त्यांनी बैठकीत सांगून टाकले, "यंदा पापड न्हाय. यंदा कॉम्प्युटर." पापडांचा सर्वांनाच वीट आलेला असल्याने ठराव एकमताने मंजूर झाला.

श्रीवर्धनचा दुकानदार दिपेश म्हणाला, "काकी, प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तुमच्या बजेटात सहा कोअरचा, म्हणजे सहा डोक्यांचा, घ्या. आठचा घेतलात तर ग्राफिक कार्डाला पैसे उरणार न्हाईत, आणि खेळाला तेच जास्त लागतं. शनिवारी जोडून देतो."

हा सल्ला फारच सरळ असल्याने संशयास्पद ठरला. निवड समिती नेमण्यात आली.

समितीने व्हिडिओ पाहून निष्कर्ष काढला: सहा कोअर घेणारे शंभर टक्के लोक आठ न घेतल्याबद्दल हळहळतात, आठ घेणारे शंभर टक्के पैशांबद्दल हळहळतात, आणि काहीच न घेणाऱ्यांत समाधान सर्वाधिक आढळते. (ही शेवटची पाहणी गटातच झाली.) समितीतली कमळ म्हणाली, "एका घरात आठ डोकी असली की काय होतं, ते माझ्या सासरी येऊन बघा." प्रोसेसर तापतो हे कळताच दुसऱ्या सदस्य मनुबाईंनी तो विहिरीच्या कठड्यावर ठेवण्याची सूचना मांडली. ती उपसमितीकडे गेली.

इतक्यात एका व्हिडिओने बजावले की गणपतीनंतर प्रोसेसरची नवी पिढी येतेय, आत्ता घेणारा मूर्ख. समिती थांबली. नवी पिढी आली. आता जुनी स्वस्त होणार, म्हणून समिती थांबली. जुनी स्वस्त झाली, तोवर रॅम नावाचा दुसराच भाग महागला.

तांदूळ निवडताना वेणूबाईंची बोटे सुपाच्या कडेवर आपोआप मोटारीसारखी वळणे घेत. पण घाई अध्यक्षांना शोभत नाही.

स्पर्धेला गट प्रेक्षक म्हणून गेला. रेवसच्या गटातल्या प्रणालीने भाच्याच्या जुनाट मशीनवर खेळून पहिला नंबर काढला.

"प्रोसेसर कंचा तुझा?" वेणूबाईंनी विचारले.

"बघितलंच न्हाय कधी, मावशी," प्रणाली म्हणाली आणि ढाल घेऊन फोटोला उभी राहिली. कीबोर्डवर एकदा, फक्त एकदा, हात ठेवावा असे वेणूबाईंना फार वाटले.

पण तेवढ्यात त्यांचा प्रश्न ऐकलेल्या आयोजकांनी जाणकार म्हणून त्यांनाच दोन शब्द बोलायला उभे केले. जेवण थंड होईपर्यंत त्या बोलल्या. प्रणाली जिंकली हे खरे, पण ज्या प्रोसेसरवर जिंकली त्यावर जिंकणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर नव्हते, हे त्यांनी सप्रमाण दाखवून दिले. टाळ्या थांबेनात. प्रणाली अंतर्मुख झाली. तेव्हापासून तिने खेळ बंद ठेवला आहे. योग्य प्रोसेसर ठरेपर्यंत खेळण्यात अर्थ नाही, हे तिला पटले.

वेणूबाईंच्या पडवीत आता प्रोसेसर निवड मार्गदर्शन केंद्र चालते. पार पनवेलहून माणसे येतात. आजवर कोणीही काहीही घेतलेले नसल्याने वस्तूबद्दल एकही तक्रार नाही.

सहा की आठ, हे शेवटी तरी कळेल म्हणून जे वाचक इथवर आले, त्यांनी चपला बाहेर काढून आत यावे. चटई टाकलेली आहे. वेणूबाई प्रत्येकाला आधी एकच विचारतात, "पण तुम्ही खेळता काय?" त्यावर चटईवरच बसलेली प्रणाली तेवढी "खेळायचे" म्हणते; बाकीचे लगेच आपल्याकडचा नवा व्हिडिओ दाखवू लागतात. तुम्हीही येताना एखादा आणाल, याची केंद्राला खात्री आहे.